पाच बुरुजांचा रणगाडा
प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथासाठी वारंगा फाट्यावरच्या कादर वेल्डरनं ट्रॅक्टरवर पत्र्याचा रणगाडा उभा केला. "एका रणगाड्याला पाच बुरूज काहून, कादरभाई?" तांड्यावरच्या देविदासनं विचारलं. "जुन्या रशियन रणगाड्याला होते. फोटोत दिसतो बराबर तसाच करून राहिलो." बुरुजांची झाकणं कुठं उघडायची, ते फोटोत दिसत नव्हतं. मिरवणुकीत देविदास आत बसून, झाकण लावून पुढच्या बुटक्या बुरुजातून फटाके उडवत होता. व्यासपीठ येताच रणगाड्यावर उभ्या कादरनं वरचा मोठा बुरूज सलामीसाठी वळवला. त्याच्या तोफेची लोखंडी नळी देविदासच्या झाकणावर येऊन अडकली. तेवढ्यात देविदासच्या पायाशी फटाक्यांचं पोतं पेटलं. "झाकण उघडंना, कादरभाई!" कादरनं बुरुजाला खांदा लावला, बुरूज हलला नाही. त्यानं घण उचलला. खेळ समजून लोक टाळ्या वाजवत होते. बाहेरून घण, आतून मुठी. पत्रा दोन्हीकडून वाजत होता. मग नुसता बाहेरून वाजत राहिला.