दरीपलीकडचा उजेड

या, जरा जवळ सरकून बसा, एका बॅटरीची गोष्ट सांगतो. कुडपणचे जानूबाबा महाडात गनीच्या दुकानी आले. गनीने रुंद उजेडाची बॅटरी पुढे केली, "बाबा, ही घ्या. पायाखालचं जनावर लगेच दिसेल." मग कपाळाला बांधायची काढली, "हिनं हात मोकळे राहतात."

"पायाखालचं नको रे. उजेड दरीपलीकडं पोचंल अशी दे. जुनी हाय ती पोचत नाय."

गनीला बाबांची कहाणी ठाऊक होती. पलीकडच्या वाडीत बाबांची लेक मंजुळा दिलेली. मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिन्हीसांजेला बाप इकडून बॅटरी दाखवायचा, लेक तिकडून उत्तर द्यायची, मगच दोन्ही घरं निजायची. यंदाच्या पावसात दरड आली नि तिनं ती वाडीच पोटात घेतली.

"बाबा," गनी हळूच म्हणाला, "तिकडं आता कुणी नाही हो."

"ठाव हाय. मीच माती उपसत होतो ना? गावली नाय ती." बाबांनी सगळ्यात लांब उजेडाची बॅटरी उचलली. "पन बापसाचा उजेड बघितल्याबिगर निजायची नाय रे पोर."

माउलींनो, आज सांजवात लावाल तेव्हा मंजुळेला आठवा.