डावं-उजवं

मापात तडजोड नाही, हा रामकिसन साहेबांचा बाणा प्लांटमधून निवृत्त झाल्यावर थ्रीडी फोटोंच्या छंदात उतरला. एकाच दृश्याचे दोन फोटो, डाव्या डोळ्याचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे; दोन भिंगांच्या डबीतून पाहिलं की जवळचं जवळ नि लांबचं लांब दिसायचं. तसूभर फरक चालायचा नाही.

सातपाटीच्या शकूला त्यांनी बंदरावरचा असाच जोडफोटो काढून दिला: पुढ्यात तिची बोंबलांची टोपली, मागे दूर होडीत तिचा नवरा. नेमकी चिकटवताना दोन्ही फोटोंची अदलाबदल झाली, आणि भिंगांतून पाहिलं तर टोपली लांब गेली नि नवरा जवळ आला.

चूक कळताच साहेब ओशाळून दुरुस्तीला धावले. शकूने भिंगांची डबी डोळ्यांवरून हलू दिली नाही.



"नका बदलू, सायेब. टोपली जवळ नि नवरा लांब, ह्ये बरोबर चित्र तं मी रोजच बगते."