गळका पाय

"हात लावू नकोस," जावई म्हणाला. "ब्लोअर मी लावणार."

"लावा की, दाजी," मेहुणा म्हणाला. "हवा भरण्यात तुमचा हात कोण धरणार!" आणि दोन पावलं मागं सरकला.

शेडच्या मधोमध, लाकडी घोड्यांवर कॅटमरान ठेवली होती. काल समुद्रात ती पालथी झाली, तशीच ओढत किनाऱ्याला आणली आणि क्रेननं उचलून तशीच ठेवली. पुढचं टोक फाटकाकडं. अशा बोटीला दोन लांब पोकळ अंगं असतात आणि मध्ये फळ्या. शेडमधली माणसं त्या अंगांना पाय म्हणत. एका पायात पाणी शिरलं, बोट कलली आणि वाऱ्यानं उरलेलं काम केलं. कुठला पाय, ते सांगणारा नावाडी जबडा बांधून हॉस्पिटलात पडला होता.

महिन्यापूर्वीच दोन्ही पायांचे सांधे नव्यानं भरले होते. उजवा जावयानं, डावा मेहुण्यानं. दोघांमध्ये तेव्हाही विस्तव जात नव्हता. एकमेकांच्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही, असा न बोलता झालेला करार होता.

शेडचे मालक, म्हणजे एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, दाराशी खुर्ची टाकून बसले होते. सकाळीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "माणसं मरता मरता वाचलीत. ज्याचा पाय गळका निघेल, त्यानं या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही. शेड दुसऱ्याची."

जावयाच्या मनात पाल चुकचुकत होती. उजव्या पायाचं काम त्यानं घाईत उरकलं होतं. किती घाईत, ते त्याचं त्यालाच माहीत. पंधरा वर्षं या शेडमध्ये राबून, घरजावई म्हणून टोमणे खाऊन, आता म्हातारा एका सांध्यावरून हाकलणार? आणि शेड कुणाला, तर या दीडशहाण्याला? नुसत्या विचारानं त्याचं डोकं तापलं.

तो बोटीच्या मागच्या टोकाला, फाटकाकडं तोंड करून उभा राहिला. आधी उजवा बघायचा. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे. खाली पाठीवर सरपटत जाऊन त्यानं झाकणाच्या भोकात ब्लोअरची नळी बसवली, कडेनं टेप गुंडाळली आणि हवा अगदी हलकी सोडली. जास्त सोडली तर चांगला सांधाही उकलतो. मग बाहेर येऊन ब्रशनं साबणाचं पाणी फासायला सुरुवात केली. जिथं गळती, तिथं बुडबुडे.

टोकापासून शेपटापर्यंत एकही बुडबुडा आला नाही.

त्यानं पुन्हा एकदा फासलं. काही नाही. जिवात जीव आला. नशीब म्हणतात ते हेच, त्याला वाटलं, आणि नळी काढून तो शीळ घालत डावीकडं गेला.

डाव्या पायाच्या बाहेरच्या सांध्यावर, अगदी मध्यावर, फेस फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"या, बाबा! या, बघा!" जावई ओरडला. "आपल्या चिरंजीवांची करामत बघा!"

सासरे काठी टेकत आले. मागोमाग त्यांची लेक, जावयाची बायको, साबणाची बादली तशीच हातात धरून आली. जावयानं पटाशी घेतली आणि वीतभर सांधा उकरून काढला. आतली राळ पांढरट, भुसभुशीत होती. ढेकळासारखी सुटून आली.

"ओल्यावर राळ भरलीय," तो म्हणाला. "एका नजरेत ओळखलं मी. वाळेपर्यंत थांबायला काय धाड भरली होती रे तुला? आंधळ्यानंही याहून बरं काम केलं असतं!"

मेहुणा वाकून बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "हा हात माझा नाही, दाजी."

"मग काय भूत येऊन भरून गेलं?"

"मी दोन दिवस वाळवलं होतं. आईशप्पथ."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आधी बोट सरळ तरी करा. मग काय ते बोला."

"तू गप्प बस. भावाचीच कड घेणार तू. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण माहेर काही सुटलं नाही तुझं."

ती बादली खाली ठेवून बाजूला झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जावयानं तिकडं पाहिलंच नाही.

सासऱ्यांनी ते ढेकूळ बोटांत चुरडून पाहिलं. पोटचा पोर होता. "जावईबापू," ते म्हणाले, "माणूस एकदा चुकतो. महिनाभर कामावरून बंद ठेवू त्याला. एवढ्यानं भागवा."

"नाही, बाबा. बाप म्हणून नका बोलू, मालक म्हणून बोला. बुडता बुडता वाचलेल्या माणसांना काय सांगणार, महिनाभर रुसलो होतो म्हणून? शब्द म्हणजे शब्द."

"घरातलाच माणूस आहे हो."

"घरातला आहे म्हणूनच. माझा निघाला असता तर तुम्ही मला ठेवलं असतं?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "बरं. तुमच्याच तोंडानं ठरलं. ज्याचा पाय त्यानं आजच्या आज बाहेर व्हायचं. रडारड नाही, गयावया नाही, आणि परत येणं नाही."

"आता कसं बोललात!" जावई म्हणाला.

मेहुण्यानं आपल्या पटाश्या फडक्यात गुंडाळल्या. फाटकात क्रेन येऊन उभी होती. "बोट सरळ करायला हात लावतो," तो म्हणाला, "मग जातो."

"लाव, लाव. तेवढंच पुण्य."

पट्टे बांधले. क्रेननं बोटीची एक कड वर उचलली, बोट आडवी उभी राहिली, क्षणभर डुलली आणि दोघांनी दोऱ्या ओढून धरल्यावर दुसऱ्या बाजूला अलगद वळून घोड्यांवर सरळ बसली. पुढचं टोक होतं तसंच फाटकाकडं राहिलं.

जावई हात झटकत पुन्हा मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. सासरे आणि बायकोही त्याच्या शेजारी आले.

उकरलेला सांधा उजव्या पायाला होता.