स्पीकरखालची खुर्ची

ड्रॅग रेसिंगच्या गाड्या विजेवर धावू लागल्या आणि शर्यत मुकी झाली. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, तेव्हा ट्रॅकच्या नव्या मॅनेजरने जुन्या पेट्रोल गाडीच्या शर्यतीचं एक रेकॉर्डिंग शोधून स्पीकरवर लावलं. शेवटचा कर्कश आवाज तेवढा कापून टाकला.

खुर्च्या पुन्हा भरू लागल्या. एक म्हातारी तर दर रविवारी स्पीकरखाली डोळे मिटून बसायची.

"मावशी, या वयात हे वेड?" मॅनेजरने कौतुकाने विचारलं.

"माझ्या मुलाची गाडी आहे ती. आमच्या दारातच जोडली त्याने, आवाज ओळखते मी. होता तेव्हा 'आई, एकदा बघायला ये' म्हणून मागे लागायचा. मी हट्टाने आले नाही."

तिने पुन्हा डोळे मिटले.



"तुम्ही लावता त्या शर्यतीत तो भिंतीवर आदळत नाही."