लाल रेघ

रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळण्यात इसामूचा हात होक्काइडोतल्या त्या गावात कुणी धरू शकत नसे. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळायचे. चांदमारीवर नेम तपासून झाला, की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढायची. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटून लगेच कळायचं.

तरीही कित्येक वर्षांत त्याच्या गोळीने एकही हरीण पडलं नव्हतं. "म्हातारा डोळ्यांनी गेला," म्हणत बाकीचे शिकारी दात काढायचे.

आज तो हरणाच्या मागावर निघाला, तेव्हा त्याची बायको हानाए चहाचा थर्मास घेऊन सोबत आली होती. मक्याच्या शेतातून बाहेर आलं ते अस्वल. मध्ये फक्त ओढा.

इसामूने रेघांवर नजर टाकली. सगळ्या सलग. त्याने रायफल खांद्याला लावली.

"माझ्या मागे राहा. पळू नकोस."

हानाएने त्याचा दंड घट्ट धरला. "अहो, गोळी नका झाडू! नेम चुकेल. स्क्रू सैल आहेत. दर हंगामात मीच करते. मेलेल्या हरणांचे डोळे बघवत नाहीत मला."

अस्वल ओढ्यात उतरलं.

"वेड लागलंय का तुला? रेघा कुठे तुटल्यात?"



"अहो, नेलपॉलिशची बाटली माझीच आहे ना."