पासपोर्टवरचं नाव

"हमारी बहू खो गई है और आप हमको नियम सुना रही हैं?"

संभाजीराव जगदाळे फोनवर गरजले, तेव्हा दौलतगंजातल्या त्यांच्या दारासमोरचा भाजीवाला रोजच्यासारखा हातगाडी घेऊन चार घरं पुढे सरकला. जगदाळ्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले होते. फौज गेली, आवाज तेवढा घराण्यात राहिला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या आवाजाला काम नव्हतं. आता दूतावास सापडला होता.

दूतावास भारताचाच, पण युरोपातल्या एका चिमुकल्या देशातला. त्या देशाचं नाव संभाजीरावांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून ते नुसतं 'तिकडे' म्हणत. सून उन्नती मावसबहिणीच्या बाळंतपणाला म्हणून तिकडे गेली आणि परत आलीच नाही. फोनही बंद. नातेवाइकांना ती माहेरी असल्याचं सांगून ठेवलं होतं. पण दसऱ्याच्या शस्त्रपूजेला सगळा गोतावळा घरी जमायचा, आणि तलवारीला सुनेनं ओवाळायचं अशी चाल होती. दसऱ्याच्या आत सून घरात हवी, नाहीतर शोभा. दूतावासानं तिला शोधावं आणि विमानात बसवावं, एवढीच मागणी होती. नाहीतर तो असतो कशाला, पंधरा ऑगस्टला लाडू वाटायला?

फोन उचलणारी बाई रोज तीच. "नमस्कार, भारतीय दूतावास, कॉन्सुलर विभाग, प्रांजली बोल रही..."

"हां हां, वही जगदाळे, ग्वालियर से." यापुढचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

बाई शांतपणे सांगे, उन्नती हेमेंद्र जगदाळे या नावाच्या कुणाचीही इथे नोंद नाही. पासपोर्ट लग्नाआधीचा असेल. "मायके का नाम बताइए, सर."

संभाजीरावांनी फोनवर हात ठेवला. "अगं, सूनबाईचं माहेरचं नाव काय होतं?"

त्यांच्या पत्नी शांताताई मेथी निवडत होत्या. "उन्नती."

"ते आपण ठेवलं. घराण्याची उन्नती व्हावी म्हणून मीच सुचवलं. हेमेंद्रनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं नव्हतं का? त्याच्या आधीचं विचारतायत."

"असेल काहीतरी जुनाट. शामला का काय. बदलायचंच होतं, मग पाठ कशाला करायचं?"

"हेमेंद्र, तू तरी नवरा ना तिचा?"

हेमेंद्रनं मोबाइलमधून मान वर काढली. "आबा, मी तर 'अगं' म्हणायचो. फोनमध्येही 'घर' असंच सेव्ह आहे."

"पासपोर्ट बघितला असशील."

"तिच्या पर्समध्ये राहायचा. सच में, कधी काम नाही पडलं."

"लग्नपत्रिका?"

"रद्दीत गेली," शांताताई म्हणाल्या. "तिच्या त्या परक्या भाषेच्या पुस्तकांबरोबरच दिली. दुपारभर घेऊन बसायची. पण सगळी देऊन टाकली तरी पोरीनं शब्द काढला नाही हो. गुणाची होती."

"शब्द?" संभाजीरावांची छाती फुगली. "इतकी वर्षं घरात होती, मी तिचा आवाज ऐकला नाही. अशी सून अख्ख्या ग्वाल्हेरात दाखवा."

"मग तिच्या वडिलांना विचारा ना," हेमेंद्र म्हणाला.

"जगदाळ्यांनी व्याह्यांना विचारायचं, की आमच्या सुनेचं नाव काय म्हणून?"

यावर मेथीसुद्धा निवडायची थांबली. विचारण्याचा प्रश्नच मिटला.

"नाम शामला है," संभाजीराव फोनवर म्हणाले.

बाईनं ते नाव सावकाश परत उच्चारलं. मग, "पक्का, सर? घर में एक बार पूछ लीजिए. मैं रुकती हूँ."

सरकारी माणसाकडे थांबायला इतका वेळ असतो, याचीच त्यांना चीड आली.

पुढच्या दिवसांत शामलाची लीला झाली, लीलाची शिखा झाली. एकदा हेमेंद्रला खात्रीनं अपर्णा आठवली. ती त्याच्या ऑफिसातली निघाली. प्रत्येक नावाला बाई "नहीं, सर" म्हणे, आणि दर वेळी तिचा आवाज आणखी थंड होई. दिल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाकडे संभाजीरावांनी वशिला लावून पाहिला. त्यानंही आधी पासपोर्टवरचं नाव विचारलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी थाटीपुरहून धाकट्या भावाचा, महिपतरावांचा, फोन आला. "दादा, सूनबाई आल्या ना माहेराहून? का मी भाड्यानं बघू ओवाळणारी?" आणि वर हसले.

संभाजीरावांनी तो फोन ठेवून लगेच 'तिकडे' लावला. समोर शांताताईंनी ठेवलेला चहा तसाच.

"नमस्कार, भारतीय दूतावास, कॉन्सुलर विभाग..."

"निकम्मे हैं आप लोग. हमारे टैक्स का खाते हैं और एक औरत नहीं ढूँढ सकते."

"सर, आखिरी बार पूछ रही हूँ. घर में किसी को भी उनका नाम याद है?"

"नाम का क्या करना है? हमारे घर की बहू है, इतना बस नहीं है?"

"नहीं, सर. बस नहीं है."

संभाजीरावांना आजवर असं कुणी ऐकवलं नव्हतं. घरात तर नाहीच. कानशिलं तापली. त्यांनी हेमेंद्रच्या खिशातलं पेन ओढलं आणि महिन्याच्या किराणा बिलाची कोरी बाजू पुढे घेतली.

"अब आप अपना नाम बताइए. आज ही मंत्रालय में शिकायत जाएगी आपकी. नौकरी जाएगी. बोलिए, लिख रहा हूँ."

"लिहा, आबासाहेब," पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज आला. "प्रांजली. या वेळी तांदळावर नको, कागदावर लिहा."