आधी वरवंटा
सीतारामांनी नातीच्या पाळण्याचा आकडा लालबागच्या आपल्या लेथवर स्वतः घडवला होता. बारशाला रीतीप्रमाणे बाळाआधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्यात ठेवला आणि पहिल्याच झोक्याला पाळणा धाडकन खाली आदळला. लेकीने बाळाला छातीशी कवटाळलं. “बाबा, आकडा पोलादाचाच होता ना?” सीतारामांनी तुकडे उचलून पाहिले. जराही न वाकता आकडा काचेसारखा तुटलेला. पोलादाचाच होता, पण त्या पोलादात कापायला सोपं जावं म्हणून चिमूटभर गंधक घातलेलं असतं. लेथवर सळई लोण्यासारखी कापली गेली, तेव्हा ते खूश झाले होते. वाकवल्यावर ती आतून तडकते, हे ठाऊक असूनही विसरले. “देवानेच वाचवलं,” विहीणबाई पुटपुटल्या. एवढ्यात खालच्या मजल्यावरून शेजाऱ्यांच्या बाळाच्या पाळण्याची करकर ऐकू आली. त्याच सळईचा दुसरा आकडा त्यांनी कालच तिथे बसवला होता. सीताराम अनवाणी धावले.